कोणत्या संघात जाऊ? आधी घर बघून या

४ जानेवारी । आजचं शुभवर्तमान : योहान १:३५-४२



आजच्या उताऱ्यातला एक प्रश्न आपण वाचताना सहज ओलांडून जातो. योहान बाप्तिस्ता आपल्या दोन शिष्यांबरोबर उभा आहे. येशू जवळून जातो आणि योहान त्याला देवाचा कोकरा म्हणून ओळखून देतो. ते दोघे आपल्या गुरूला तिथेच सोडून येशूच्या मागे चालायला लागतात. येशू वळतो आणि विचारतो, तुम्हाला हवंय काय? जरा विचार करा, प्रभूने समोर उभं राहून असं विचारलं तर आपण काय काय मागू! नोकरी, आईचं दुखणं, मनाची शांती, सगळी यादी तयार असते. हे दोघे मात्र पत्ता विचारतात. आपण राहता कुठे, एवढंच. येशूही प्रवचन देत बसत नाही. चला, बघा म्हणतो. ते जातात, बघतात आणि तो दिवस त्याच्याकडेच काढतात.

रोजच्या चिंतनात मी स्वतःबद्दल फारसं लिहीत नाही, पण आज लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझं वय २७. घर वसईत, नोकरी अंधेरीला, म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग विरार लोकलमध्ये. धर्मगुरू व्हायचं हे गेल्या दोन वर्षांत मनात हळूहळू पक्कं होत आलंय. कुठे जाऊन व्हायचं, हे अजून ठरायचंय. दोन ठिकाणी बोलणं झालंय आणि ईस्टरच्या आत मला उत्तर द्यायचंय. तुमच्यापैकीही काही जणांनी हाच प्रश्न मला पाठवलाय : येशूसंघ की कापुचिन, सालेशियन की सेमिनरी? एकाने तर चक्क ‘बेस्ट कोणता?’ असं विचारलं, जसं आपण फोन घेताना विचारतो. म्हणून आज जे शिकतोय ते तुमच्यासमोर ठेवतो. (मैत्रिणींनो, धर्मभगिनी व्हायचा विचार करत असाल तर यातलं बरंच तुम्हालाही लागू पडेल. फक्त दाखले मी माझ्या बाजूचे देतोय.)

आधी एक फाटा नीट समजून घेऊ, कारण इथेच खूप गोंधळ होतो. आपण लहानपणापासून धर्मग्रामात जे फादर पाहिले ते बहुतेक धर्मप्रांतीय. ते एका बिशपांशी आणि एका धर्मप्रांताशी जोडलेले असतात. आमचा वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. इथला धर्मप्रांतीय फादर वसईच्या पट्ट्यापासून डहाणू-जव्हारपर्यंत कुठेही जाईल, पण सहसा त्या बाहेर जाणार नाही. तो ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत मात्र घेत नाही. त्याच्या नावावर बँकेत खातं असू शकतं, स्कूटर असू शकते. साधं जगणं त्याच्याकडूनही अपेक्षित असतंच, पण ते कसं जगायचं हे बरंचसं त्याच्यावर सोपवलेलं असतं.

व्रतस्थ धर्मगुरूचं तसं नसतं. तो दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तिन्ही व्रतं घेतो. तो जे कमावतो ते संघाचं. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात शिकवणाऱ्या येशूसंघीय फादरांचा पगार त्यांच्या खिशात राहत नाही, संघाच्या खात्यात जातो, आणि चप्पल तुटली तरी नवीन घेण्यासाठी त्यांना विचारावं लागतं. ऐकायला हे गमतीदार वाटतं. पण महिन्याच्या एक तारखेला पगाराचा मेसेज बघायची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांनी इथे थोडं थांबून बघावं. मी थांबलो. मला ते सुटका झाल्यासारखं वाटलं आणि थोडं लाजिरवाणंही वाटलं, दोन्ही एकदम.

काळाचा हिशेबही असतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास. संघात गेलात तर त्याआधी नॉव्हिशिएट, जे चर्चच्या कायद्याप्रमाणे किमान बारा महिन्यांचं असावं लागतं आणि दोन वर्षांपेक्षा लांबवता येत नाही. मग तात्पुरती व्रतं, कमीत कमी तीन वर्षांसाठी, आणि त्यानंतर कायमची. येशूसंघात नॉव्हिशिएट दोन वर्षांचं, मध्ये शाळा-कॉलेजात प्रत्यक्ष कामाचा काळ, असं धरत दीक्षेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरापर्यंत कोणी सांगितली नव्हती : ज्याच्यावर फेडता न येणारं कर्ज आहे त्याला नॉव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असं चर्चच्या कायद्याचं ६४४वं कलम सांगतं. एज्युकेशन लोनवाल्यांनी हे आधीच बघून ठेवा. माझे नऊ हप्ते बाकी आहेत.

आता मुख्य मुद्दा. आपण संघ निवडायला बसलो की पहिला प्रश्न विचारतो तो कामाचा. हे लोक काय करतात? शाळा चालवतात की रिट्रीट देतात? आदिवासी भागात जातात की शहरात असतात? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्यावर फार भार टाकता येत नाही. समजा तुला शिकवायला आवडतं. शाळा येशूसंघीय चालवतात, सालेशियन चालवतात, धर्मप्रांतही चालवतो. मग? आणि समजा शिकवायचं म्हणून एखाद्या संघात गेलास आणि वरिष्ठांनी तुला दहा वर्षं हिशेबाच्या टेबलावर बसवलं, तर? आज्ञापालनाचं व्रत म्हणजे हेच. काम बदलतं, गाव बदलतं, कधी भाषाही बदलते. बदलत नाही ते घर, म्हणजे पहाटे कोणाबरोबर उठायचं, प्रार्थना कशी करायची, ताट कोणासोबत लावायचं, म्हातारपणी कोण उचलणार. आजच्या त्या दोन शिष्यांना हे कोणी शिकवलं होतं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी येशूचं काम विचारलं नाही. घर विचारलं.

आणि घरं खरंच वेगवेगळी असतात. उघड्या पायांच्या कार्मेलाइट संघात रोज दोन तास मौन प्रार्थना असते, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, अविलाच्या संत तेरेसाने घालून दिलेली. ज्याला दहा मिनिटं शांत बसलं की पायाला मुंग्या येतात त्याने तिथे जाऊच नये असं मी म्हणणार नाही, पण एकदा बसून तरी बघावं. बेनेडिक्टाइन मठवासी एकाच मठात आयुष्यभर राहण्याचं व्रत घेतो. आपण रिचार्जसुद्धा वर्षाचा करायला कचरतो, तिथे जागाच कायमची. येशूसंघाचं याच्या बरोबर उलट. संत इग्नाशियसने आपल्या माणसांना एकत्र जमून प्रार्थनातास गाण्याच्या बंधनातून मोकळं ठेवलं, कारण त्यांना कधीही, कुठेही निघता यावं. तो फादर आपली स्तोत्रं एकटा म्हणतो, ट्रेनमध्येसुद्धा. सालेशियनांच्या घरात डॉन बॉस्कोची तुरिनची परंपरा चालते, म्हणजे फादर मैदानात मुलांमध्ये दिसलेच पाहिजेत. दिवसभर शिकवून थकल्यावर ज्याला खोलीचं दार लावून घ्यावंसं वाटतं, त्याला तिथे रोज थोडं मरावं लागेल. आणि फ्रान्सिस्कन परिवारात, ज्यातलेच कापुचिन, तू आधी बंधू असतोस, धर्मगुरू नंतर. संत फ्रान्सिस स्वतः धर्मगुरू झालाच नाही. ज्याच्या डोक्यात लहानपणापासून फक्त वेदी आहे, अशा मुलाला हे पचायला वेळ लागतो. मला लागला.

पुन्हा आजच्या उताऱ्याकडे या. शुभवर्तमानकाराने एक बारीक तपशील टिपलाय. वेळ दहाव्या तासाची होती, म्हणजे सूर्योदयापासून मोजलं तर दुपारचे चार. त्या घरात काय बोलणं झालं, त्यातला एक शब्द त्याने लिहिला नाही. वेळ तेवढी लिहिली. मला यात एक अगदी व्यवहारी सूचना दिसते. संघाचं घर बघायला जायचं तर सणाच्या दिवशी जाऊ नका. दीक्षाविधीला सगळेच संघ सुंदर दिसतात, बँड असतो, बिर्याणी असते, नव्या फादरांचे हात चुंबायला रांग असते. मधल्या वारी जा. दुपारी चार वाजता तिथे असा. चहा झालाय, ऊन उतरलेलं नाही, विशेष काही घडत नाहीये. त्या वेळी ती माणसं कशी असतात ते बघा.

मी असा एका कापुचिन मठात तीन दिवस राहिलो. पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर सगळे ताटं घासायला रांगेत उभे राहिले आणि माझ्या पुढे जे म्हातारे गृहस्थ होते ते पूर्वीचे वरिष्ठ निघाले. वरच्या मजल्यावर एक आजारी फादर होते. एक नवखा मुलगा त्यांना चमच्याने पेज भरवत होता आणि मध्येमध्ये क्रिकेटचा स्कोर सांगत होता. रात्री करमणुकीच्या वेळात दोन जणांचं कॅरमवरून खरंखुरं भांडण झालं, आवाज चढले, आणि सकाळच्या मिस्सेत शांती देताना त्यातला एक मुद्दाम दोन बाकं ओलांडून दुसऱ्याकडे गेला. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलंय. प्रार्थनेबद्दल फार कमी लिहिलंय आणि भांड्यांबद्दल बरंच.

त्यानंतर एक शनिवार-रविवार मी एका धर्मप्रांतीय फादरांकडे काढला. दिवसभर लोक. दाखले, लग्नाची नोंद, कोणाच्या जमिनीचा वाद, वेदीसेवकांची तालीम. रात्री साडेनऊला फादरांनी फ्रिजमधलं गरम करून एकट्याने जेवायला घेतलं होतं. मी होतो म्हणून दोन ताटं, नाहीतर एकच. ते बघून माझ्या पोटात गोळा आला, खरं सांगतो. साडेअकराला फोन वाजला. गावात एक बाई अखेरच्या घटका मोजत होती. फादरांनी तेलाची डबी खिशात टाकली आणि स्कूटरला किक मारली. मी मागे बसलो. त्या घरात त्यांना सगळ्यांची नावं ठाऊक होती, त्या बाईंच्या नातवाचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. ती माणसं त्यांची होती आणि ते त्या माणसांचे. एकटं ताट आणि हे, दोन्ही एकाच रात्रीचं. आता सांगा, यातलं ‘बेस्ट’ कोणतं?

घर बघायला गेलात की काय विचारावं, याची माझी यादी गेल्या वर्षभरात बदलत गेलीय. आता मी विचारतो की रात्रीच्या जेवणाला टेबलावर किती जण असतात. आजारी आणि म्हातारे फादर कुठे राहतात, आणि ते दाखवायला तयार असतील तर बघूनच येतो. घरी किती वेळा जाता येतं. संघ सोडून गेलेल्यांबद्दल इथे कशा शब्दांत बोलतात, हे तर नक्की ऐका, त्यातून फार कळतं. घरातल्या सगळ्यात वयस्कर फादरांजवळ तासभर बसा. ते चिडचिडे असतील तर एवढ्यावरून संघ वाईट ठरत नाही, पण चाळीस-पन्नास वर्षं त्या घरात राहून माणसाचं काय होतं याचा एक नमुना तुमच्यासमोर असतो. आणि शक्य असेल तर स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोला. त्या पुस्तिकेत छापलेलं सांगत नाहीत.

इथे योहान बाप्तिस्त्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. त्याचे स्वतःचे दोन शिष्य, त्याने घडवलेले, आणि त्यानेच बोट दाखवून त्यांना दुसऱ्याकडे पाठवलं. ते परत आले नाहीत. योहानाने तक्रार केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पाचारणाच्या बाबतीत मार्गदर्शक कसा असावा, तर असा. इग्नाशियसही आपल्या अध्यात्मसाधनेच्या पुस्तकात, सुरुवातीच्या सूचनांपैकी पंधराव्या सूचनेत, साधना देणाऱ्याला बजावतो की समोरच्याला व्रतांकडे किंवा कुठल्या एका मार्गाकडे ढकलू नकोस. तराजूच्या काट्यासारखा मधोमध राहा आणि देवाला त्या जिवाशी थेट बोलू दे. मला उलटा अनुभवही आलाय. एका संघाच्या पाचारण-प्रमुखांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं की तू आमचाच आहेस, देवाने मला तसं दाखवलंय, पुढच्या आठवड्यात फॉर्म भर. नंतर रोज सकाळी मेसेज. संघाचं नाव सांगत नाही, आणि एका माणसावरून संघ तोलायचाही नाही. पण तुमच्या बाबतीत असं झालं तर घाई करू नका. घाई हे देवाच्या बोलण्याचं लक्षण क्वचितच असतं. उलट एका येशूसंघीय फादरांनी माझं दोन तास ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “तू आमच्यात आलास तर मला आनंद होईल, पण तुझ्या बोलण्यात ‘सगळे मिळून’ हा शब्द फार वेळा येतो. आधी बंधूंच्या एखाद्या संघात राहून बघ.” कापुचिन मठात मी गेलो तो त्यांच्या सांगण्यावरून. त्या दिवसापासून येशूसंघाबद्दलचा माझा आदर दुप्पट झालाय.

आता घरचं. आईला मी धर्मगुरू होणार याचा आनंद आहे, पण तिच्या मनात वसईचा फादर आहे. रविवारी संध्याकाळी घरी येऊन कालवण-भात जेवून जाणारा. संघ म्हटलं की तिला बोरिवलीच्या पलीकडचं काहीतरी दिसतं. “कुठे ओरिसाला पाठवतील, कोण बघणार तुला?” हा प्रश्न ती भाजी निवडता निवडता विचारते, वर न बघता. कोण बघणार तुला, यात मला कोण बघणार हेही असतं. मी थोरला. धाकटी बहीण अजून शिकतेय. याला ‘मोह’ म्हणून झटकून टाका असं सांगणारी पुस्तकं आहेत, मला ती पटत नाहीत. आईवडिलांचा मान राखायची आज्ञा दहांतलीच आहे. मी दोन्ही ठिकाणी सरळ विचारलं की आईवडील आजारी पडले आणि बघायला कोणी नसलं तर काय? दोन्हीकडे मला नीट उत्तर मिळालं. धर्मप्रांतात जवळ असण्याची सोय जास्त. संघातही वरिष्ठांकडे तशी विनंती करता येते, पण निर्णय त्यांचा. हे उत्तर मी आईला जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे अर्धं हो.

घरच्यांचा विरोध किती टोकाला जाऊ शकतो याचा दाखला हवा असेल तर संत थॉमस अक्वायनसचा आहे. घराण्याला तो मोन्ते कासिनोच्या श्रीमंत मठात हवा होता. पुढे मठाधिपती होईल, घराचंही नाव होईल. तो १२४४मध्ये डोमिनिकन झाला, म्हणजे त्या काळी भिक्षा मागून राहणाऱ्या एका नव्याच संघात. सख्ख्या भावांनी त्याला वाटेत पकडून घराण्याच्या किल्ल्यात आणलं आणि सुमारे वर्षभर तिथे ठेवलं. तो बदलला नाही. आमच्याकडे अजून गोष्ट किल्ल्यापर्यंत गेलेली नाही.

मग निवडायचं कसं? इग्नाशियसचाच अनुभव मला सगळ्यात उपयोगी पडतोय. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो लोयोलाच्या घरी पडून होता. कधी तो दरबाराची, पराक्रमाची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं बघताना मजा यायची. फरक त्याला नंतर कळला. दरबाराचं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडायचं, दुसरं ओसरल्यावरही मन भरलेलं राहायचं. म्हणजे बघायचं ते ‘नंतर’. मी कापुचिन मठातून परत येताना फार खूश होतो, पण त्यावर मी काही ठरवलं नाही. तीन आठवड्यांनी, महिनाअखेरीच्या कामात, सव्वाआठच्या गाडीत घामाने भिजून उभा असताना त्या मठाची आठवण आली की काय होतं, ते मी टिपून ठेवतो. धर्मग्रामातल्या त्या रात्रीचंही तसंच. इग्नाशियस आणखी एक युक्ती सांगतो : तुझ्या जागी एखादा अनोळखी माणूस असता, ज्याचं तुला फक्त भलंच हवंय, तर त्याला तू काय सल्ला दिला असतास? करून बघा. आपण परक्याला फार पटकन खरं सांगतो. आणि मन खिन्न, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा त्याचा नियम तर मी मोबाइलच्या स्क्रीनवर लावून ठेवलाय.

एक भीती मात्र या सगळ्या पद्धतींच्या तळाशी उरतेच. चुकीच्या दारात गेलो तर? किंवा ज्या दारात जायचं होतं तेच उघडलं नाही तर? या भीतीवर माझ्याकडे एक माणूस आहे, आणि तो आपल्या वसईचा आहे.

संत गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७च्या सुमारास, वडील पोर्तुगीज, आई इथली. वसई किल्ल्यातल्या येशूसंघीय फादरांकडे तो शिकला आणि पंधराव्या वर्षी त्यांच्याच बरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी आत्मसात केली की फादरांचं काम त्याच्यावाचून अडायचं. त्याला येशूसंघात यायचं होतं. वर्षानुवर्षं तो त्यांच्यासाठी राबला, आणि त्याला प्रवेश मिळाला नाही. आपण हे किती पटकन वाचून टाकतो. त्याच्या जागी उभं राहून बघा. ज्यांच्या अंगणात वाढलास, ज्यांच्यासाठी घर सोडलंस, त्यांनीच दार उघडलं नाही. तो बाहेर पडला, व्यापारी झाला, धंदा चांगला चालला. पुढे मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन बंधूंच्या संघात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. १५९३मध्ये संत पेद्रो बाप्तिस्ताबरोबर फ्रान्सिस्कन जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता. गोन्सालोला जपानी येत होती. येशूसंघीयांच्या घरात शिकलेली. हिदेयोशीच्या दरबारात फ्रान्सिस्कनांच्या वतीने बोलला तो हा वसईचा मुलगा.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, गोन्सालो त्यांपैकी एक. तीन येशूसंघीय होते, संत पॉल मिकी त्यांच्यात. बाकीचे १७ साधे श्रद्धावंत. ज्या संघाने घेतलं नाही आणि ज्याने घेतलं, दोन्हींचे क्रूस एकाच ओळीत. १८६२ साली पोप नववे पायस यांनी सगळ्यांना एकत्रच संत म्हणून घोषित केलं.

आपल्या मंगळवारच्या लाडक्या संत अंतोनीचंही पाहा. तो पोर्तुगालमध्ये ऑगस्टिनियन मठात होता, बऱ्यापैकी स्थिरावलेला. मोरोक्कोत मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष कोइंब्राला आले, ते पाहून १२२०मध्ये त्याने संघ बदलला. हुतात्मा व्हायला मोरोक्कोला गेला तर तिथे आजारी पडला, परतताना जहाज भरकटून सिसिलीला लागलं. इटलीत त्याला फारसं कोणी ओळखतही नव्हतं. ऑगस्टिनियनांकडे केलेला शास्त्राचा अभ्यास पुढे फ्रान्सिस्कनांच्या प्रवचनांत उतरला. आधीच्या घरात शिकलेलं तो टाकून आला नव्हता.

वसई किल्ल्यात तुम्ही गेला असालच, निदान कोणाच्या प्री-वेडिंग शूटला तरी. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेला तो किल्ला आता मोडकळीस आलाय, पण भिंतींमधून फिरताना येशूसंघीयांचं चर्च, फ्रान्सिस्कनांचं, डोमिनिकनांचं, सगळी एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत.  गेल्या महिन्यात एका बुधवारी अर्धी सुट्टी टाकून मी तिथे गेलो होतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या कमानीखाली बसलो आणि वही उघडली. दोन्ही ठिकाणांची पानं वाचली. ज्या पानांवर भांडी घासण्याबद्दल लिहिलंय ती जास्त मळलेली होती, म्हणजे मी ती जास्त वेळा उघडलीयत. याला उत्तर म्हणायचं का, ते अजून प्रार्थनेत विचारतोय. मार्चमध्ये मठात आणखी पंधरा दिवस राहायला जाणार आहे, यावेळी उपवासकाळात, आणि त्याआधी एकदा आईला घेऊन जाणार आहे. तिने घर बघायला हवं.

तुमच्यापैकी ज्यांना असं कुठे राहून बघायचंय त्यांनी आधी आपल्या धर्मग्रामातल्या फादरांशी बोला, बहुतेक संघ शिफारसपत्र मागतात. आणि ऑफिसात रजा टाकताना कारण ‘वैयक्तिक’ लिहिलं तरी चालतं.

आजच्या दिवसासाठी : रात्री झोपण्यापूर्वी योहानाचा हा उतारा पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि येशूच्या त्या प्रश्नापाशी, तुम्हाला हवंय काय, पाच मिनिटं थांबा. काही मागू नका.

उद्याचं वाचन योहान १:४३-५१. फिलिप, आणि अंजिराच्या झाडाखालचा नथनेल.